यादीवाले सर

‘प्रोग्रामिंग कुठून शिकू?’ असं कुणी विचारलं की माझी मान आपोआप ताठ होते. एमएस-सीआयटीच्या पलीकडचं जग माहीत असलेला नंदुरबारात मी एकटाच, अशी माझी पक्की समजूत आहे. लगेच यादी रवाना होते: हार्वर्डचं सीएस-फिफ्टी, फ्रीकोडकॅम्प, ओडिन प्रोजेक्ट, एमडीएन, डब्ल्यूथ्रीस्कूल्स. यातली निम्मी मी पहिल्या धड्यापुढे पाहिलेली नाहीत. यादी देणाऱ्यानं ती वाचावीच, असा नियम कुठाय? डब्ल्यूथ्रीस्कूल्सवर माझा विशेष जीव. ती साइट १९९८ची आणि आपला जिल्हाही १९९८चाच! या योगायोगावर मी इतका रंगून बोलतो की एचटीएमएल राहूनच जातं.

आता थोडं मिरचीबद्दल. विषयांतर आहे, पण नंदुरबारच्या माणसाला ते माफ असतं. पथारीवर लाल गालिचा पसरला की माझी आत्या खरेदीला निघते. मिरची हलवून बी वाजतं का ऐकते, देठ बघते, मोडून हुंगते, शिंकते आणि मग भावावरून भांडते. तिचा ठरलेला व्यापारी मात्र माल दाखवण्याआधी विचारतो, “घरात लेकरं किती, मावशी?” रंगाची द्यायची की झणझणीत, हे त्याचं तिथेच ठरतं. शिंका मात्र दोन्हींना सारख्याच.

मी असलं काही विचारत नाही. धडगावकडच्या एका मुलीनंच उलट मला विचारलं, “सर, यातलं मराठीत कोणतं? आणि नेट नसताना कोणतं चालेल?” तिच्या घरी पावरी, शाळेत मराठी, आणि आता ‘फंक्शन’ समजून घ्यायला इंग्रजी. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१०मध्ये आपल्याच टेंभलीत दिलं गेलं. इथल्या बोटांचे ठसे घ्यायला यंत्रं सगळ्यांआधी आली. त्याच बोटांखाली कीबोर्ड यायची वेळ आली की म्हणे डोंगर आडवे येतात. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मीही पेढे खाल्ले, पण ‘व्हेरिएबल’ मराठीत धड समजावणारं काही शोधताना घाम फुटला.

शेवटी आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल सुचवलं. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, त्यातले बरेच मराठी आवाजात. कॉलेजच्या लॅबमध्ये उतरवून घ्यायचे, थांबवत थांबवत शेजारी करून बघायचे. एवढ्यावर थांबायचं होतं, पण हात शिवशिवले. खाली ओडिन प्रोजेक्ट जोडलं, मग सीएस-फिफ्टी, आणि ‘सवडीनं बघ’ म्हणून आणखी चार.

तिचं उत्तर आलं, “सर, एकच सांगा ना.”