कानात बसलेली मागची सीट

मंगळवेढ्याच्या माणसाचा आवाज मुळातच मोठा, आणि त्यात दोष इथल्या जमिनीचा. लांबवर काळं शिवार, झाड नावाला, आणि दोन बांधांवरच्या माणसांच्या मध्ये ज्वारीचा अख्खा पट्टा. पाखरं राखायला माळ्यावर चढलेला माणूस गोफण फिरवता फिरवता पलीकडच्या रानातल्याला ‘जेवलास का?’ विचारतो, आणि मधल्या चार शेतांनाही कळतं की तो अजून जेवलेला नाही. इथल्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच अर्जात ही हाळीही घालायला हरकत नव्हती.

असल्या गावात आम्ही हेल्मेटात बसवायचा इंटरकॉम आणला. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि बायको. पैसे माझे, हौस तिची. सोलापूर इथून सुमारे 55 किलोमीटर. तिकडं जाता-येता ती मागून बोलायची आणि मी ‘हं’ म्हणायचो. तिच्या वाक्याची सुरुवात वारा न्यायचा, शेवट समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर. मधला जो शब्द हाती लागेल त्यावरून मी अंदाज बांधायचो. ‘हं’ हा शब्द सगळीकडं चालतो, पण ‘मग किती देऊ त्यांना?’ या प्रश्नाला चालत नाही.

बसवायचं काम भाच्याकडं. हेल्मेटाच्या गालाच्या गाद्या टिचबटणांवर असतात, त्या ओढल्या की निघतात. आत कानापाशी खळगा असतो, त्यात चपटा स्पीकर चिकटपट्टीनं बसवायचा, वायर अस्तराखालून न्यायची आणि बोंडाएवढा माइक हनुवटीसमोर लावायचा. डबी बाहेरून डाव्या अंगाला, कारण उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर अडकलेला. वाचायला दोन मिनिटं लागतात. करायला एक दुपार गेली, कारण स्पीकर बरोबर कानाच्या भोकासमोर यावा लागतो. बोटभर सरकला तरी घरात आवाज खणखणीत येतो आणि रस्त्यावर साठच्या वेगाला नाहीसा होतो. खळगा थोडा उथळ वाटला तेव्हा भाचा ब्लेड घेऊन आतला थर्मोकोल कोरायला निघाला होता. त्याला थांबवलं. पडल्यावर डोक्याचा दणका तोच थर्मोकोल स्वतःवर घेतो; त्याला खळी पाडून गप्पांची सोय करायची म्हणजे फारच झालं.

हेल्मेट चालवणाऱ्यानं आणि मागं बसणाऱ्यानं, दोघांनीही घालायचं असं 1988च्या मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम सांगतं. आमच्याकडं अजून हेल्मेटवाला दिसला की ‘लांब निघालात?’ असं विचारतात. बायको हेल्मेट घालायला इतकी वर्षं तयार नव्हती. आता स्वतःहून घालते, कारण बोलायचं यंत्र त्यात आहे. कलमानं जे झालं नाही ते गप्पांनी झालं.

पहिल्यांदा निघालो आणि सवयीनं मी हाळी दिली, ‘बसलीस का नीट?’ मागून शांत उत्तर आलं, ‘ओरडू नका. मी तुमच्या कानातच आहे.’

हे अंगवळणी पडायला वेळ लागला. समोरासमोर बसलेल्या माणसाचा आवाजही इतक्या जवळून येत नाही. ती मनाशी गुणगुणते, मधेच नाक ओढते, वळणावर ट्रक आला की श्वास धरते, आणि हे सगळं थेट माझ्या डोक्यात. चेहरा दिसत नसल्यानं म्हणा, घरी जे बोलायला धजत नाही ते माणूस इथं सहज बोलून जातो. थोरल्या जावेबद्दलचं तिचं खरं मत मला सोलापूरहून परतताना बेगमपूरच्या अलीकडं कळलं. माचणूर येईपर्यंत कारणंही कळली. इथंच भीमेकाठी ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी वर्षानुवर्षं होती, हे तिला सांगावं असं माझ्या मनात होतं. मधे जागा मिळाली नाही.

यंत्रात वारा गाळायची सोय आहे. एकसुरी, न थांबता चाललेला आवाज ते ओळखतं आणि कापून टाकतं; चढउतार असलेलं बोलणं ठेवतं. हे तिला समजावून सांगितलं तर म्हणाली, ‘मग तुम्ही रस्त्याचा इतिहास सांगता तेव्हा ते बंद कसं पडत नाही?’

गावात मात्र पंचाईत होते. दामाजी चौकातून जाताना कुणी ना कुणी हात करतोच. मी ‘रामराम अण्णा’ म्हणतो. काच खाली असल्यामुळं ते अण्णांना ऐकू जात नाही, बायकोला जातं, आणि ती ‘रामराम’ म्हणते. अण्णा तिकडं नाराज. तसं आमच्या गावाला दूरच्या व्यवहाराचं नवल नाही. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांना खुली केली आणि विठोबानं परस्पर बिदरला जाऊन बादशहाकडं पैसे भरले, अशी कथा आहे; पंतांना खबरही नव्हती. आम्हाला मात्र हजार-दोन हजारांचा हिशेब करायला ब्लूटूथ लागतं.

त्याचा पल्ला सरळ रेषेत काहीशे मीटर. पंढरपूरला ती भाजी घ्यायला उतरली, हेल्मेट काढून दंडात अडकवलं, आणि डबी बंद करायची राहिली. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून तिची घासाघीस ऐकत उभा. वांगी झाली, गवार झाली. न राहवून मी म्हणालो, ‘कोथिंबीर पण घे.’ आवाज हायवेच्या मापाचा ठेवलेला. हेल्मेटातून स्पष्ट बाहेर आला. भाजीवाल्या मावशी दचकल्या, मग वाकून आत बघत म्हणाल्या, ‘ह्यात मालक बसल्यात व्हय?’

‘बसवलेत,’ बायको म्हणाली.

मावशींनी जुडी टाकली. पैसे मात्र हेल्मेटाकडं न बघता हिच्याकडंच मागितले.