मिर्झाराजे, सोडियमचा दिवा आणि मी

मोठ्या विद्यापीठात गेलेल्या हुशार मुलाला पहिल्या आठवड्यातच कळतं की इथं सगळेच हुशार आहेत. मला कळायला अख्खं सत्र लागलं, कारण मी बाळापूरचा. आमच्याकडे बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या पोट्ट्याला न्हाव्यापासून तलाठ्यापर्यंत सगळे ‘सायंटिस्ट’ म्हणतात, आणि फुकटात मिळालेली पदवी अशी सहज सोडवत नाही.

पुणे विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सच्या वर्गात बसलो, तर डावीकडे एका जिल्ह्यातला पहिला, उजवीकडे दुसऱ्या जिल्ह्यातला पहिला. एवढे पहिले एका खोलीत कोंबले की बाकीच्यांना खालचे नंबर घ्यावेच लागतात. यादीत मी शेवटून मोजायला सोपा होतो.

मार्कांनी दगा दिल्यावर माणूस इतिहासाकडे वळतो. त्यातही ‘बाळापूर’ म्हटलं की समोरचा ‘कोल्हापूर का?’ विचारी, आणि ‘अकोल्याजवळ’ म्हटलं की ‘ऊन फार ना तिकडे?’ म्हणून विषय मिटवी. मग मी मिर्झाराजांना बाहेर काढलं. पुण्याच्या माणसाला पुरंदरचा तह सांगावा लागत नाही. १६६५ साली तो तह करून घेणाऱ्या मिर्झाराजे जयसिंगांची दगडी छत्री आमच्या गावात नदीकाठी उभी आहे. किल्लाही आहे. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशहानं तो सुरू केला म्हणतात, अन् एलिचपूरच्या नवाबानं १७५७ साली पुरा केला. हे सगळं मी मेसमध्ये, ताटात भाजी पडायच्या आत सांगून टाकी. एकदा नगरकडच्या रूममेटनं घास थांबवून विचारलं, “म्हणजे आपले तेवीस किल्ले घेतले, तोच ना हा?”

माझ्या ताटातली भाकर कडक झाली. पण मी बाळापूरचा. मी म्हटलं, ते सोड, याच घराण्यातला सवाई जयसिंग, मिर्झाराजांचा खापरपणतू, त्यानं जंतरमंतर बांधली. दिल्लीला, जयपूरला, उज्जैनला. का बांधली, माहीत आहे? पितळी यंत्रं लहान पडतात, त्यांचे आस झिजतात, डुगडुगतात, मोजमाप चुकतं. म्हणून त्यानं दगडचुन्याची इमारतीएवढी यंत्रं उभी केली. जयपूरच्या सम्राट यंत्राची सावली दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवते! थोडक्यात, खगोलशास्त्र आमच्या नदीकाठावरून गेलं आहे. रूममेट तोवर हात धुऊन गेला होता.

सवाई जयसिंगाचं दुःख मला आतून कळतं, कारण मी ज्या स्पेक्ट्रोमीटरवर शिकलो तो त्याला दाखवला असता, तर त्यानं तोही दगडात बांधायला काढला असता. कॉलेजचं नाव सांगत नाही, उगाच बदनामी. प्रिझम ठेवायच्या टेबलाचा एक स्क्रू झिजलेला; त्याखाली एसटीच्या तिकिटाची चार पदरी घडी सारायची, तेव्हा कुठं टेबल सपाट व्हायचं. सोडियमचा दिवा लावला की आधी गुलाबी उजळतो, मग काही मिनिटांनी पिवळा होतो. तो पिवळा झाला, दुर्बिणीत रेघ दिसली, तारेवर आणली, की लाइट जायची. बाळापूर तालुक्यातच पारसला औष्णिक वीज केंद्र आहे. वीज आमच्या शेजारी तयार होई आणि आमच्या डोक्यावरून पुढं जाई. प्रयोगशाळेतले भाऊ म्हणायचे, “हात नको लावू त्याले, रुसते तो.” कडा न फुटलेला एकुलता एक प्रिझम ते रुमालात गुंडाळून माझ्यासाठी वेगळा ठेवायचे. टॉर्च तोंडात धरून व्हर्नियर वाचण्यात अख्ख्या वऱ्हाडात माझा हात कोणी धरला नसता.

पुण्यात पहिल्या प्रॅक्टिकलला मी खिशातून एसटीचं तिकीट काढलं. स्क्रू शाबूत. दिवा लावला, लागला, पिवळा झाला आणि तसाच राहिला. माझी सगळी विद्या पंधरा मिनिटांत निकामी झाली. शेजारची मुलगी वाचनं संपवून आलेख काढत होती, आणि मी लाइट जायची वाट पाहत होतो.

आता जरा चिडून बोलतो. बिघडलेल्या यंत्रावर शिकलेल्या पोराला लोक ‘जिद्दी’ म्हणतात, सत्कारात नारळ देतात. मला नारळ नको होता, स्क्रू हवा होता. ज्या वयात प्रकाश का वाकतो हे विचारायचं, त्या वयात आम्ही टेबल का वाकलं हे शोधत होतो. आणि तरी, भाऊंनी रुमालाची गाठ सोडून तो प्रिझम हातात ठेवला की त्याला धक्का लागू नये म्हणून मी श्वास धरायचो. तसा श्वास नंतर कुठल्याच महागड्या यंत्रापुढं धरला नाही.

असो. पुण्यात माझा भाव उतरला, पण बाळापुरात तो शाबूत आहे. तिथं मी आता पुण्याचा माणूस म्हणून मिरवतो. गेल्या दिवाळीत ओसरीवर मोठेबाबांना ऐकवत होतो, की आमचं विद्यापीठ १९४९ सालचं, मुख्य इमारत म्हणजे इंग्रज गव्हर्नरचा बंगला, आणि आवार केवढं, तर चारशे अकरा एकर! मोठेबाबा सुपारी कातरायची थांबले. पहिल्यांदाच माझ्या शिक्षणानं त्यांच्यावर छाप पडलेली दिसली.

“चारशे अकरा! बाप्पा!” ते म्हणाले. “ओलिताचं हाय का कोरडवाहू?”