परोपकाराचा पंचनामा

कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर, म्हणजे मुंबई-दिल्ली महामार्गाला सुरतेहून बारडोलीमार्गे धुळ्याकडे जाणारी सडक जेथे छेदते तेथे, जो बिनदाखल्याचा परोपकार दिवसाढवळ्या चालतो, त्याकडे सरकारचे लक्ष वेधणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. तिघांच्या बाकावर चौघे बसलेल्या रिक्षापुढे खानदेशातून आलेली एखादी बाई कडेवर पोर आणि डोक्यावर गाठोडे घेऊन उभी राहते, ‘भाऊ, जरा सरका’ एवढेच म्हणते, आणि ज्या बाकावर सुईला जागा नव्हती तेथे एक अख्खे कुटुंब सामावते. पोर जाते शेजारच्या उडिया कामगाराच्या मांडीवर. प्रोसेसिंग मिलमधल्या निळ्या रंगाने त्याची नखे कायमची माखलेली, आणि पोर त्याच्या सदऱ्याची गुंडी उपटण्यात मग्न. भाषा एकाची दुसऱ्यास कळत नाही, नाव कोणी विचारत नाही, आणि उतरताना आभारप्रदर्शनाचा कार्यक्रमही होत नाही. मागच्या कोपऱ्यातून निघालेली भाड्याची नोट तीन अनोळखी हातांतून चालकाकडे जाते आणि उरलेली मोड त्याच मार्गाने निर्वेध परत येते. सरकारी रुपयातले पंधराच पैसे गरिबापर्यंत पोहोचतात, अशी कबुली ज्या देशाच्या पंतप्रधानांनी १९८५ साली दिली, त्या देशात ही वाहतूक संशयास्पद मानलीच पाहिजे!

मोठ्या परोपकाराची तजवीज सरकारने केली आहे, हे मान्य. अपघातग्रस्ताला इस्पितळात पोहोचविणाऱ्या इसमालाच जाबजबाबासाठी तिष्ठत ठेवण्याचा जो प्रघात होता, तो मोडण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला ३० मार्च २०१६ रोजी हुकूम द्यावा लागला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. आणि एवढ्यानेही माणुसकी पुरेशी उत्तेजित होईना, म्हणून २०२१ साली तिचा भाव पाच हजार रुपये ठरला, तो २०२५ मध्ये पंचवीस हजारांवर गेला. (इतकी दरवाढ कापडाला मिळाली असती, तर सुरतेचे व्यापारी पेढे वाटीत सुटले असते.) परंतु मांडीवर पोर घेण्याचा, रणरणत्या उन्हात परक्याच्या ओंजळीत पाणी ओतण्याचा, किंवा सुटलेल्या बसच्या दारातून धावणाऱ्याला मनगट धरून आत ओढण्याचा दर अद्याप कोणत्याही परिपत्रकात नाही.

म्हणून आमची सूचना अशी, की कडोदऱ्याच्या नाक्यावर एक सौजन्य कचेरी उघडावी, सरकणाऱ्याकडून तीन प्रतींत अर्ज घ्यावा, किती बोटे सरकला याचा पंचनामा व्हावा, आणि उपकृत इसमाचा आधार क्रमांक सोबत जोडावा. कारकुनाची नेमणूक सुरतेहून करण्यास हरकत नाही. तो येईल याच रिक्षातून, तेव्हा त्याला जागा कोणी करून दिली, ही पहिली नोंद त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात करावी.