हेन्रीची आंघोळ आणि आमचं हळदीकुंकू

॥ श्री ॥

प्राग, १२ जानेवारी २०२५

ती. आईंस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिळगूळ पोचला. हलवा तुमच्या नातवाने संक्रांतीची वाट न बघता फस्त केला. भोगीच्या भाजीसाठी इथे वांगी मिळाली, पावटे मिळाले नाहीत.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "हा हल्ली एवढा खुशीत कसा? बढती मिळाली का?" नाही हो. तुमच्या चिरंजीवांच्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग येतोय. केस पिकायला लागलेला माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखा खोडतोय आणि शिट्टी वाजवतोय.

'किंगडम कम: डिलिव्हरन्स' असं त्या गेमचं नाव. आमच्या या प्रागमधल्याच वॉरहॉर्स स्टुडिओने तो काढला. त्यासाठी त्यांनी २०१४ मध्ये लोकांकडे ३ लाख पौंड वर्गणी मागितली होती, लोकांनी ११ लाख दिली. गेम बाजारात आला फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे आपण इथे बिऱ्हाड मांडलं त्याच वर्षी. आणि आल्याबरोबर खेळणाऱ्यांत दोन तट पडले.

गोष्ट आहे १४०३ सालची, याच मुलखातली. राजा वेन्सेस्लास चौथा कैदेत, आणि त्याला कैदेत टाकणारा त्याचाच सावत्र भाऊ सिगिस्मुंड. भाऊबंदकी म्हटल्यावर पुढचं मी तुम्हाला काय सांगणार! सिगिस्मुंडची फौज स्कालिट्स नावाचं गाव जाळते, त्यात हेन्री या लोहाराच्या पोराचे आईवडील मारले जातात. वडिलांनी घडवलेली तलवार तेवढी मागे राहते, तीही एक गुंड हिसकावून नेतो. बाकीच्या गेममध्ये अशा वेळी नायकाला जादू येते, आकाशात ड्रॅगन उडतात. इथे जादू नाही नि ड्रॅगनही नाही. हेन्रीला धड तलवारही धरता येत नाही. गाव जळायच्या आधी वडिलांनी त्याला कोळसा आणि थंड बियर आणायला पिटाळलेलं असतं. वाटेत एका दारुड्याकडून उधारी वसूल करायची असते, तर तो दारुडाच त्याला बदडतो.

पुढेही सुख नाहीच. पोराला वेळेवर खायला घालायचं, झोपवायचं. पिशवीतलं मांस नासलं आणि खाल्लं तर पोट बिघडतं. शिरस्त्राण चढवलं की समोरचं जग एका फटीतून बघायचं. मळके कपडे घालून गेलं की माणसं नीट बोलत नाहीत, म्हणून हेन्रीला न्हाणीघरात न्यायचं आणि कपडे धुवून घ्यायचे. आई, ज्या चिरंजीवांनी सातारच्या घरात कधी स्वतःचा टॉवेल वाळत घातला नाही, त्यांना "जरा थांब, हेन्रीची आंघोळ राहिलीये" म्हणताना मी या कानांनी ऐकलंय.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते खेळ जपून ठेवण्यावरून. इतर गेममध्ये वाटेल तेव्हा बटण दाबलं की खेळ तिथवर सेव्ह होतो. इथे त्यासाठी एक खास दारू प्यावी लागते. ती विकत घ्यायची नाहीतर पाला आणून स्वतः गाळायची. लागोपाठ ढोसली तर हेन्री झिंगतो. नाहीतर मुकाट्याने पलंग शोधून झोपायचं. त्यात सुरुवातीला गेममध्ये चुकाही भरपूर होत्या. अर्ध्या लोकांनी वैतागून नाद सोडला. उरलेले अर्धे तुमच्या चिरंजीवांसारखे जीव टाकू लागले.

तुमचा नातू पहिल्या अर्ध्यांतला. "बाबा, हा गेम आहे की शिक्षा?" म्हणून उठून गेला, तो गेलाच. त्याचं बरोबरच आहे म्हणा. तो इथल्या शाळेत गेला आणि बघता बघता चेक बोलायला लागला. त्याला इथे काहीच अवघड गेलं नाही. चिरंजीवांचं मात्र पहिल्या वर्षी व्हिसाच्या कचेरीत काय झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. हातात फॉर्म, मागे रांग आणि अक्षर लागेना. हेन्रीलाही वाचता येत नाही. त्याने पुस्तक उघडलं की पडद्यावर अक्षरांची नुसती उलटापालट दिसते. मग तो एका लेखनिकाकडे जाऊन शिकतो आणि शब्द हळूहळू जागेवर येतात. त्या रात्री चिरंजीव जेवायला उठले, ते परीक्षा पास झाल्यासारखे. मी एरवी त्या खेळाला नावं ठेवते, पण त्या दिवशी दोन पोळ्या जास्त वाढल्या.

पहिला भाग संपला तोही अर्ध्यावर. ना सूड, ना तलवार. हेन्री एका तरुण सरदाराबरोबर घोड्यावरून ट्रोस्कीच्या किल्ल्याकडे निघतो आणि खलास! तेव्हापासून आमच्या घरातला घोडा उधळलेलाच आहे. दुसऱ्या भागात कुटना होरा हे चांदीच्या खाणींचं शहर आहे म्हणतात. आगगाडीने तासाभराची वाट, त्यामुळे आमची तिथे 'पूर्वतयारी' झाली. ज्या टांकसाळीत १३०० सालापासून प्रागचे ग्रोशेन पाडले, ती पाहिली. हजारो माणसांच्या हाडांनी सजवलेलं चर्चही पाहिलं, रात्री झोप लागली नाही. संत बार्बराचं मोठं चर्च १३८८ मध्ये बांधायला घेतलं आणि १९०५ मध्ये पुरं झालं. हे वाचून चिरंजीव म्हणाले, "बघ, आणि तू मला सात वर्षांवरून बोलतेस!"

तर आता मुद्द्याचं. गेम आधी २०२४ मध्ये येणार होता. मग ११ फेब्रुवारी ठरली. आता एक आठवडा अलीकडे आणून ४ फेब्रुवारी केलीये. कॅलेंडर काढून बघा, त्या दिवशी रथसप्तमी! माझं हळदीकुंकू त्याच दिवशी. चिरंजीवांनी रजा टाकली तेव्हा मी भाबडेपणाने म्हटलं, वाणाला मदत करणार असतील. छे. दिवाणखान्यातला टीव्ही त्यांना हवाय. वर युक्तिवाद असा, की यावेळी पहिल्या दिवसापासून चेक आवाज आहेत, म्हणजे हा भाषेचा अभ्यासच. होईल हो अभ्यास. घोड्याचा सौदा आणि कोंबडीचोराची उलटतपासणी अस्खलित जमेल, दातांच्या डॉक्टरकडे मात्र पुन्हा नातवालाच न्यावं लागेल.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. त्या मंगळवारी तुमच्याकडे रात्री साडेनऊ वाजले की, म्हणजे आमच्याकडे पाचला, चिरंजीवांना फोन लावा. तुमचा फोन ते कापत नाहीत. विहिरीची मोटर, घरपट्टी, वरच्या आळीतल्या काकांचा गुडघा, सगळं सविस्तर काढा. बोलता बोलता त्यांना आतल्या खोलीत जायला लावा. साडेसहापर्यंत माझ्या बायका वाण घेऊन जातील. त्यानंतर हेन्रीने खुशाल तलवार शोधावी, मी जेवायलाही हाक मारणार नाही. पलंग मात्र त्याने त्याच्या गावातच शोधावा म्हणावं, इथे पाहुणे येणार आहेत.

बाबांना नमस्कार सांगा. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची सून