मुक्या ‘एस’चा मुलूख

मराठी माणसाला देवनागरीने लाडावून ठेवलं आहे. पाटीवर कोल्हापूर लिहिलं असलं की कोल्हापूरच वाचायचं, त्यातलं कुठलं अक्षर मुकं आहे याची चौकशी करायची नाही. ही सवय बॅगेत घालून आईवडील सहा महिन्यांसाठी मुलांकडे अमेरिकेत उतरतात.

माझी लेक शिकागोजवळ राहते. राज्य इलिनॉय. त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘एस’ असतो, पण तो म्हणायचा नाही. शेजारच्या आयोवाची राजधानी डि मॉइन. तिच्या नावात दोन ‘एस’, दोन्ही मौनव्रतात. आमचे व्याही, अण्णा, गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी दोन उदाहरणांवरून सूत्र मांडलं : फ्रेंच नाव, ‘एस’ मुका. आणि लेकीच्या गावाला, म्हणजे डेस प्लेन्सला, ते मोठ्या ऐटीत ‘दे प्लेन’ म्हणाले.

“आजोबा, इथे दोन्ही एस म्हणायचे,” नात म्हणाली.

“का? नियम काय?”

“नियम नाही. आमच्या शाळेत सगळे तसंच म्हणतात.”

अमेरिकन भूगोलाचं याहून नेमकं व्याकरण मी ऐकलेलं नाही. याच राज्याच्या दक्षिण टोकाला, मिसिसिपी आणि ओहायो नद्यांच्या संगमावर, कैरो आहे. स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचंच, पण म्हणायचं ‘केरो’. केंटकीत व्हर्साय आहे, त्याला तिथे ‘व्हर्सेल्स’ म्हणतात. फ्रान्स फिरून आलेल्या माणसाची तिथे मोठीच पंचाईत. तो शुद्ध बोलतो आणि म्हणूनच परका ठरतो. न्यूयॉर्कमधला रस्ता हाउस्टन, टेक्सासमधलं शहर ह्यूस्टन. इंग्रजीत अक्षरं तीच. अण्णांनी या ठिकाणी वही मिटली.

ती पुन्हा उघडली पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वराला जायचं ठरलं तेव्हा. प्रवासाचा बेत लिहिताना त्यांनी शहराच्या स्पेलिंगमधला शेवटचा ‘एच’ गाळला. नात लगेच हसली. पण या वेळी अण्णांच्या पाठीशी साक्षात अमेरिकन सरकार होतं, फक्त शंभराहून जास्त वर्षं मागे. झालं असं, की देशभरातली गावांची नावं एका वळणावर आणावीत म्हणून सरकारने एक मंडळ नेमलं. मंडळं नेमली की ती काहीतरी करतातच. या मंडळाने १८९१ मध्ये ठरवलं, की ‘बर्ग’च्या शेवटी कुठेही ‘एच’ नको. बाकीची गावं मुकाट्याने बसली. पिट्सबर्गकर मात्र पेटले. ज्याचा उच्चारात आवाजसुद्धा होत नाही, त्या अक्षरासाठी ते वीस वर्षं अडून बसले आणि जुलै १९११ मध्ये मंडळाने त्यांचा ‘एच’ परत केला.  

सॅन फ्रान्सिस्कोचं दुखणं निराळं. त्याला ‘फ्रिस्को’ म्हटलं की तिथल्या जुन्या रहिवाशांचा पारा चढतो. हर्ब केन या स्तंभलेखकाने १९५३ मध्ये ‘डोन्ट कॉल इट फ्रिस्को’ याच नावाचं पुस्तक काढलं होतं. पुण्याला ‘पूना’ म्हणणाऱ्याकडे सदाशिव पेठ ज्या नजरेने बघते, तीच ही नजर. गंमत म्हणजे टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला खरंखुरं फ्रिस्को आहे. एका रेल्वे कंपनीच्या टोपणनावावरून ते नाव पडलं. तिथे आपली मंडळीही पुष्कळ. आमच्या दादरच्या मावशींचा भाचा त्यांतलाच. “पोरगा फ्रिस्कोला असतो, खिडकीतून तो तांबडा पूल दिसतो,” असं मावशी शेजारणीला सांगतात. त्या खिडकीपासून सॅन फ्रान्सिस्कोचा तो पूल दोन हजार किलोमीटरहून लांब आहे. भाच्याने बरेच दिवस समजावून पाहिलं. मग त्याने पुलाचा एक फोटो पाठवून दिला आणि विषय संपवला.

मला स्वतःला हे सगळं पटतं. गावाचं नाव कसं म्हणायचं हे जो तिथली घरपट्टी भरतो त्याने ठरवावं, कोशकाराने नाही. फक्त एका ठिकाणी माझा धीर सुटतो. न्यूयॉर्क राज्यात एक दिल्ली आहे, थेट आपल्या दिल्लीवरून नाव ठेवलेली, कारण तिथल्या एका वजनदार गृहस्थाला लोक ‘ग्रेट मुघल’ म्हणत. तिथे तिचा उच्चार ‘डेल-हाय’. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “मग आपल्या मुंबईचं काय केलंय?”

तीही आहे. त्याच राज्यात, पार कॅनडाच्या सीमेजवळ, बॉम्बे नावाचं गाव आहे. आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबई झाली. तिथली पाटी बदलायला अजून कोणी गेलेलं नाही. व्हिसा मिळत नसावा.