कुसळीची शोभा

हल्ली नर्सरीत गवत विकत मिळतं, तेही कुंडीसकट. पॅम्पस हे दक्षिण अमेरिकेतलं गवत. त्याचे वाळवलेले तुरे लग्नाच्या स्टेजवर नवरानवरीपेक्षा जास्त फोटोंत येतात. मुलाकडच्यांना विचारलंत तर ते कौतुकानं दरही सांगतात. त्याच वऱ्हाडाची बस जेजुरी-मोरगावच्या माळांवरून येते तेव्हा दोन्ही बाजूंना कुसळीचे ठोंब तांबूस सोनेरी होऊन वाऱ्यावर लवत असतात. बसमधल्या एकालाही खिडकीबाहेर बघावंसं वाटत नाही. फुकटची शोभा ती, तिला कोण विचारतो?

कुसळीला हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस असं भारदस्त शास्त्रीय नावही आहे, पण त्यानं तिचा भाव वाढलेला नाही. हवाई बेटांवर मात्र ही ‘पिली’ मानाची. तिथली जुनी घरं पिलीनंच शाकारत, आणि आता देशी गवत म्हणून लोक ती हौसेनं बागेत लावतात. आपल्याकडे ती फक्त सॉक्सला लागते.

हे लागणंही साधंसुधं नाही. दाण्याचं टोक अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले ताठ केस. म्हणजे आत शिरायला मुभा, बाहेर यायला बंदी. वर लांबलचक काळपट शेपूट. दव पडलं की त्याचा पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यानं दाणा गिरमिटासारखा जमिनीत उतरतो. स्वतःची पेरणी स्वतःच करणारं बियाणं आहे हे, पाभर नको की मजूर नको. अडचण एवढीच, की माती आणि मेंढरू यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणून कोवळी कुसळी गुरं चवीनं खातात, पण कुसळं धरली की धनगर मेंढरांना तिथून लांब नेतो. लोकरीत अडकलेलं कुसळ कातडीपर्यंत पोचतं.

वणवा लागला तरी कुसळीचे बुडखे जमिनीत तग धरतात आणि पहिल्या पावसाला फुटतात. तिला खरा धोका कळवळ्याचा. सरकारी कागदांवर असले माळ ‘पडीक’ ठरतात. मग कुणीतरी पर्यावरणप्रेमानं भारून येतो, खड्डे खणतो, झाडं लावतो, फोटो काढतो. चिंकारा, लांडगा, खोकड, चंडोल यांना उघडं गवताळ रानच लागतं, हे त्या फोटोत येत नाही.

कुसळी कुंडीत लावा असं मी म्हणणार नाही. घरात रांगतं मूल किंवा केसाळ कुत्रा असेल तर मुळीच नाही. पाहायची तर दसरा-दिवाळीच्या सुमारास बारामती तालुक्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात जा. उन्हं कलताना जा, वाट सोडू नका, आणि लोकरीचे मोजे तेवढे घरी ठेवा.