स्वभावाने गरीब

"घाबरू नका हो, स्वभावाने अगदी गरीब आहे," असं कुणी आपल्या कुत्र्याबद्दल म्हणालं, तर आपण दोन पावलं मागे सरकून का होईना, पण विश्वास ठेवतो. अजगरकाका हे वाक्य बोलतात तेव्हा त्यांच्या मनगटाला चार फुटांचं जनावर वेटोळं घालून बसलेलं असतं आणि दुसऱ्या हातात तुमच्यासाठी आणलेला चहाचा कप असतो. कप घ्यायला तुम्हाला जवळ जावंच लागतं.

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल नावाचं उपनगर आहे. मराठी घरं बरीच. कुणाच्या बेसमेंटमध्ये होम थिएटर, कुणाच्या बेसमेंटमध्ये मागच्या तीन गणपतींची मखरं. काकांच्या बेसमेंटमध्ये बॉल पायथन जातीचे अजगर. एकूण 27. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, माहितीप्रमाणे 19.

'अजगरकाका' हे नाव इथल्या मराठी मंडळातल्या पोरांनी ठेवलं, आता आम्ही मोठेही तेच वापरतो. गृहस्थ मूळचे सांगलीचे. एका विमा कंपनीत शक्यतांची गणितं मांडण्यात तीस वर्षं गेली. पक्के शाकाहारी. वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं नाही ना, हे दोनदा विचारल्याशिवाय तुकडा तोंडात घालत नाहीत. आणि दर शनिवारी संध्याकाळी हाच माणूस बेसमेंटच्या सिंकपाशी उभा राहून गोठवलेले उंदीर कोमट पाण्यात सोडतो.

हा विधी एकदा बघण्यासारखा आहे. उंदीर आकारानुसार विकत मिळतात, पिवळ्याजर्द पाकिटातून. ते झिपच्या पिशवीत घालून पाण्यात ठेवायचे, मऊ झाले की कागदाने टिपायचे आणि शेवटी त्यांच्या डोक्यावर हेअर ड्रायर धरायचा. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे डोकं गरम लागलं तरच त्याला ते जेवण वाटतं. काका ड्रायर धरतात तेही मन लावून, केसांच्या उलट दिशेने, मग सुलट. तो ड्रायर आधी वहिनींचा होता. हे त्यांना ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून घरात दोन ड्रायर आहेत आणि दोन फ्रीझर. वरच्या फ्रीझरमध्ये नारळाचा चव आणि पुरणाचे गोळे, खालच्यात काकांचं सामान. तरीही वहिनींनी वरच्या प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली आहे. पाहुणे ती वाचतात, आणि पुरणपोळी जरा जपूनच खातात.

काकांकडे जेवायला गेलात की ताक पिऊन होतं न होतं तोच ते म्हणतात, "एक मिनिट खाली येता का?" हे मिनिट साधारण सव्वा तासाचं असतं. खाली भिंतभर रॅक. त्यात प्लास्टिकचे खण, मागच्या बाजूने उष्णतेची पट्टी, तिला थर्मोस्टॅट. खणाची मागची बाजू 32 अंश, पुढची 26. अजगराला गरम वाटलं की त्याने पुढे यायचं, गार वाटलं की मागे जायचं. दिवसभरातली त्याची हालचाल म्हणाल तर एवढीच. प्रत्येक खणावर कार्ड: जन्मतारीख, वजन ग्रॅममध्ये, शेवटची कात, शेवटचं जेवण. काका खण ओढतात. आत कागदाचा लगदा, पाण्याचं भांडं आणि एक उपडं कुंडं. कुंडं उचललं की खाली अजगर. त्याने डोकं मधोमध लपवून स्वतःचा घट्ट चेंडू केलेला असतो, कारण भ्यायचं कसं एवढंच त्याला नीट येतं. "बघितलंत? लाजली." कुंडं परत खाली. पुढचा खण. असे 27.

नावं त्यांच्या आजोळच्या बायकांची आहेत: गोदाक्का, यमू, सगुणा, द्वारका. नरांना मात्र बंडू एक, बंडू दोन. यावरून काकांना काय म्हणायचंय, हे मी विचारलेलं नाही.

या प्राण्याचं एक अवघड असतं. तो मनात येईल तेव्हा जेवण सोडतो. थंडीत, विणीच्या दिवसांत, किंवा खण बदलला म्हणून. चार महिने, कधी सहा महिने. काकांना हे सगळं पाठ आहे. वजन उतरलं नाही तर काळजी करू नये, हे ते नव्या पाळणाऱ्यांना फोनवर तासभर समजावतात. पण यमूने तिसऱ्यांदा उंदीर नाकारला की यांना स्वतःला पोळी जात नाही. एकदा काकांच्या आई सांगलीहून आल्या होत्या. मुलगा सारखा "यमू जेवत नाही, यमू जेवत नाही" म्हणतोय, हे ऐकून त्यांनी विचारलं, "चातुर्मास पाळते का?" त्यांनी ते गंभीरपणे विचारलं होतं की काय, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

त्याच मुक्कामात नागपंचमी आली. आजींनी पाटावर चंदनाचा नाग काढला, पुरणाची दिंडं उकडली आणि दुधाची वाटी घेऊन बेसमेंटच्या पायऱ्या उतरायला लागल्या. काका आडवे आले. साप दूध पीत नाही, ते त्याला पचत नाही, हा त्यांचा आवडीचा विषय. आजी शांतपणे म्हणाल्या, "मी कुठे पाजतेय? मी दाखवतेय." रॅकसमोर वाटी फिरवली, वर आल्या आणि त्या दुधाचा चहा केला. संध्याकाळी काकांनी उंदीर बाहेर काढले तेव्हा मात्र त्यांनी अडवलं. "आज घरात काही चिरायचं कापायचं नाही." "आई, मी कुठे कापतोय? अख्खाच देतो." यावर आजींकडे शास्त्राधार नव्हता. पश्चिम आफ्रिकेत, बेनिन देशात, वीदा गावी अजगरांचं देऊळ आहे आणि तिथे हाच अजगर पुजला जातो, हे काकांनी सांगितल्यावर आजींचं मत बरंच निवळलं. देवस्थान आहे म्हटल्यावर मग प्रश्नच नव्हता.

पण काकांचा खरा जीव आहे तो जोड्या लावण्यात. या बाबतीत ते अस्सल वधूवर सूचक आहेत. साधा बॉल पायथन काळा-तपकिरी. पण 1992 मध्ये अमेरिकेतल्या एका पैदासकाराने पिवळा-पांढरा अल्बिनो पैदा केला, 1997 मध्ये पांढऱ्या पट्ट्यांचा पाइड आला आणि मग रंगांचं पेवच फुटलं. पेस्टल, मोहावी, बनाना, क्लाउन. काही गुण अंगावर दिसतात, काही पोटात दडून राहतात. दडलेल्याला 'हेट' म्हणतात. काकांच्या वहीत प्रत्येकाची पत्रिका आहे: बापाकडून काय, आईकडून काय, काय दिसतंय, काय असू शकतं. दोन हेटांची जोडी लावली, तर दर चार पिलांत सरासरी एक रंगीत. उरलेली तीन दिसायला साधी, पण त्यांतल्या दोघांत गुण दडलेला. कोणत्या दोघांत, ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून त्यांना '66 टक्के हेट' म्हणून विकतात. "स्थळ चांगलं आहे, पण खात्री नाही," असं काका त्याचं भाषांतर करतात.

मादी दीड किलोची झाल्याशिवाय तिच्याकडे बंडू पाठवायचा नाही, हा नियम. थंडीत गाठीभेटी. जमलं की दोघं शेपट्या गुंतवून तासन् तास पडून राहतात आणि त्या दिवशी काका जिन्यावरून कुणाला जोरात उतरू देत नाहीत. मग विणीआधीची कात, मग सुमारे महिन्याने अंडी. गोदाक्का त्यांना वेढून बसते. तिच्या वेटोळ्यातून ती हळूच सोडवून घ्यायची आणि वर्मिक्युलाइटच्या डब्यात, 31-32 अंशांवर, पंचावन्न ते साठ दिवस. अंधारात अंड्याखाली टॉर्च लावली की कवच गुलाबी उजळतं आणि आत लाल शिरांचं जाळं दिसतं. हे मी पाहिलं आहे. त्या वेळी काका कुजबुजत बोलतात. अंड्याला ऐकू जात नाही, हे त्यांना माहीत आहे.

पिलू कवचाला चीर पाडतं, नाक बाहेर काढतं आणि दिवस-दीड दिवस तसंच बसतं. आतला बलक संपवत असतं. तेवढ्यासाठी काका ऑफिसातून रजा घेतात आणि समोर खुर्ची टाकून तेही बसतात. गेल्या वर्षी गोदाक्काची सहा अंडी, आईबाप दोन्ही पाइडचे हेट. सहाच्या सहा पिलं साधी निघाली. तीस वर्षं विम्यात काढलेला माणूस. सहांत एकही रंगीत न निघण्याची शक्यता जवळजवळ 18 टक्के असते, हे त्यांनी मला लगेच सांगितलं. नंतर हळूच म्हणाले, "पण इतरांच्या घरी का निघतात हो?"

'स्पायडर' जातीचा रंग मात्र त्यांनी घरात येऊ दिला नाही. नक्षी फार देखणी, पण त्या गुणाबरोबर डोकं डुगडुगण्याचा दोष येतो, तोल जातो. बाजारात तरीही खपतो. "दिसायला सुंदर म्हणून पोराला जन्मभर चक्कर द्यायची?" काका विचारतात. एरवी त्यांच्या अजगरपुराणाला मी जांभया देतो, पण इथे हा माणूस मला आवडतो.

धंदा म्हणून हे सगळं पुढच्या वर्षी फायद्यात येणार आहे. दर वर्षी पुढच्या वर्षी. टिन्ली पार्कला सरपटणाऱ्या प्राण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. काका तिथे टेबल घेतात, पिलं पारदर्शक डब्यांत मांडतात आणि गिऱ्हाइकाची परीक्षा घेतात. थर्मोस्टॅट आहे का? घरात मांजर आहे का? वीज गेली तर काय करता? एका तरुणाने पैसे मोजून हातात दिले होते. 'नंतर घेईन थर्मोस्टॅट' म्हणाला आणि काकांनी पैसे परत केले. तीन पिलं न्यायची आणि चार घेऊन यायची, असा एकूण व्यवहार. वहिनींचा 19चा आकडा बहुधा यातच केव्हातरी मागे पडला.

एकदा बंडू दोन खणातून निसटला. नेमकी त्याच संध्याकाळी मंडळाच्या नाटकाची तालीम त्यांच्या दिवाणखान्यात होती, बारा-पंधरा माणसं जमिनीवर बसलेली. काका कुणालाच काही बोलले नाहीत. फक्त दर पाच मिनिटांनी चष्मा पडला म्हणायचे आणि टॉर्च घेऊन सोफ्याखाली शोधायचे. चष्मा डोळ्यांवरच होता, हे नायिकेच्या लक्षात आलं. बंडू शेवटी दाराजवळच्या उबदार झरोक्यापाशी, वहिनींच्या बर्फात घालायच्या बुटात सापडला. वहिनींनी पाय घातल्यावर. तो स्वभावाने गरीब असल्यामुळे त्याने काही केलं नाही. वहिनींनी काय केलं ते सांगता येण्यासारखं नाही. पुढचा महिनाभर काका आमच्याकडे जेवले.

आणि सांगलीहून वर्तमानपत्राची कात्रणं येतच असतात. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या माणसाच्या बिस्किटांच्या पुड्यांत बॉल पायथन सापडले, ती बातमी एकट्या मला तिघांनी पाठवली. काकांना ती दाखवली तर म्हणाले, "बिस्किटांच्या? आत तापमान किती असेल?"

अलीकडे त्यांना वेगळीच काळजी लागली आहे. बॉल पायथन सहज पंचवीस-तीस वर्षं जगतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात तर 2020 साली साठी उलटलेल्या एका मादीने सात अंडी घातली. ती तिथे 1961 पासून होती आणि पंधराहून अधिक वर्षांत तिच्या जवळ नर फिरकला नव्हता. ही हकीकत काका पूर्वी अभिमानाने सांगायचे. आता साठी त्यांच्या स्वतःच्या दाराशी आली आहे आणि खाली पिलं आहेत वर्षा-दीड वर्षाची. मृत्युपत्र करायला घेतलंय. घर, शेअर्स, सांगलीची जमीन एका पानात उरकली. पुढची चार पानं रॅकची आहेत. मुलगी सिएटलला भाड्याच्या घरात राहते, तिथे मांजरसुद्धा चालत नाही. वहिनींनी कानावर हात ठेवले.

परवा काका आमच्याकडे आले. चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग उठून बेसमेंटचं दार उघडून आत डोकावत उभे राहिले.

"तो पलीकडचा कोपरा रिकामाच असतो, नाही का?"

"तिथे ट्रेडमिल आहे."

"वापरता?"